समोरच्या दवाखान्यातला प्रकाश

माझी सख्खी आई कान दाखवायला माझ्याकडे यायची नाही.
समोर जायची. प्रकाशकडे.

तो प्रकाश आज पहाटे गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी धुळ्यात, देवपूरमध्ये कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. प्रकाशही कान-नाक-घशाचाच. आम्ही एकाच बॅचचे. दोघांच्या दवाखान्यांच्या मध्ये फक्त रस्ता.

मार्क मला जास्त. मशीन माझ्याकडे नवीन. एसी माझ्याकडे.
गर्दी त्याच्याकडे.

जिल्ह्यातल्याच दोंडाईचाचे लोक आले तर समजू शकते. पण बोदवडचे? वाटेतलं अख्खं जळगाव सोडून ते लोक प्रकाशच्या बाकड्यावर येऊन बसायचे. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं.

एके दिवशी त्या बाकड्यावर आई दिसली. मांडीवर पिशवी घेऊन, नंबर लावून.

आईचा कान बरीच वर्षं वाहायचा. ऐकू येणं कमी कमी होत गेलं होतं. पडद्याला छिद्र होतं. मी कधीच सांगितलं होतं, ऑपरेशन लागेल, ये सोमवारी.

घरी आल्यावर ओरडून विचारलं, "आई, मी कोण आहे मग?"

"तू डॉक्टर शे. पन तू माले बोलू देस का? तो मनं बठ्ठं आयकी लेस." तो तिचं सगळं ऐकून घेतो म्हणे.

ऑपरेशन त्यानेच केलं.
नंतर मी घरी आईच्या कानात बघितलं. खरं सांगते, चूक शोधायलाच बघितलं.
पडदा इतका सुंदर बसवला होता की मला रात्रभर राग येत राहिला.

मागच्या वर्षी एका दुपारी प्रकाश रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. पहिल्यांदाच. आवाज बसलेला.

"वैशाली, दुर्बीण टाक."

"नाशिकला सर आहेत ना तुझे. माझ्याकडे कशाला?"

"तू चुकत नाहीस. आणि गोडही बोलणार नाहीस."

दुर्बीण आत गेली. स्क्रीनवर उजव्या स्वरतंतूवर गाठ. तो पण स्क्रीनकडेच बघत होता. दोघांनाही कळलं होतं.

"सांग ना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पेशंटला सांगतेस तसं."

मी सांगितलं. बायोप्सी लागेल. कॅन्सर वाटतोय.
त्याने मान हलवली. "थँक यू" म्हणाला. नाक पुसलं आणि समोर जाऊन उरलेली ओपीडी संपवली.

मुंबईत त्याचं स्वरयंत्र काढलं. घशाच्या डॉक्टरचा आवाज गेला. गळ्याला श्वासासाठी छिद्र, त्यावर पांढरा रुमाल.

मला वाटलं, आता तरी पेशंट रस्त्याच्या या बाजूला येतील.

परत आल्यावर त्याने दवाखाना उघडला आणि बाकडी पुन्हा भरली. तो तपासायचा, खुणा करायचा, बाकीचं त्याची बायको सुजाता समजावून सांगायची. लोक तासन् तास थांबायचे.
आई कान दाखवून आली आणि खुशीत म्हणाली, "आते ते तो मधमा बोलसबी नही!"

मी ताटावरून उठले.

मग आजार फुप्फुसात गेला. गेल्या आठवड्यात आईला घेऊन त्याच्या घरी गेले. तो ओठ हलवत होता. मला काही कळेना. मी "काय? काय?" करत वाकले, तरी नाही.

आईची कितीतरी वर्षं लोकांच्या ओठांकडे बघत गेली आहेत. ती पलंगाजवळ बसली. तिने बरोबर वाचलं.

"तो सांगस, मना पेशंट आते तुनाकडे येतीन. त्यासले बोलू दे."

प्रकाश माझ्याकडे बघून हसला.
मी चिडलेच. जातानासुद्धा मला शिकवतोय! आणि तेही माझ्याच आईच्या तोंडून!

आज पांझरा नदीकाठच्या स्मशानात पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यांतून लोक आले होते. मी गर्दीत उभी राहून मनात हिशोब करत होते, माझ्या वेळी यातले किती येतील?
थोडेच.

दुपारी दवाखाना उघडला. बोदवडहून आलेल्या एक आजी आत आल्या. त्यांना समोरचं दार बंद दिसलं होतं. स्टूलवर बसल्या आणि कान दाखवायच्या आधी प्रकाशबद्दलच बोलायला लागल्या. तो कसा हसायचा, कसा हात धरायचा.

बाहेर नंबर खोळंबले होते.

मी मध्ये बोलले नाही.

जा रे प्रकाश. अजूनही जळते तुझ्यावर.
तुझ्या वर्गमैत्रिणीचा तुला शेवटचा नमस्कार.