डेट्रॉइटच्या चर्चमधला झीलकरी

आमच्या गावात गाणारे पुष्कळ झाले, पण सूर धरून उभा राहणारा दिगंबर साळवेसारखा दुसरा झाला नाही. गावचा म्हणून सांगत नाही, ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारावं. त्याचा आवाज उंच नव्हता आणि फार गोडही नव्हता. संध्याकाळी ओल्या रानावरून चुलींचा धूर जसा आडवा पसरतो, वर चढत नाही आणि लवकर विरतही नाही, तसा तो होता.

त्याच्या वडिलांना सगळी वस्ती आबा म्हणायची. आबा आंबेडकरी जलशात झीलकरी होते. जलशात शाहीर पुढं उभा राहून कवन म्हणतो. ओळ संपली की त्याला दम घ्यावा लागतो. तेवढ्यात मागचे झीलकरी कानावर हात ठेवून त्याचा शेवटचा सूर उचलतात आणि तो पुन्हा तोंड उघडेपर्यंत धरून ठेवतात. याला झील धरणं म्हणतात. शाहिराचं नाव गावोगाव होतं, झीलकऱ्याचं नाव त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असतं. दिगंबर धोतराला धरून चालण्याच्या वयापासून आबांच्या शेजारी उभा राहिला आणि आवाज फुटल्यावर त्यांच्याबरोबर झील धरू लागला.

पुढं तो शिकला. औरंगाबादेत रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि अमेरिकेला गेला. मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराच्या बाहेर नोव्हाय म्हणून गाव आहे. तिथं तेव्हा मक्याची रानं आणि सफरचंदाच्या बागा होत्या, आणि बागा तोडून नवी घरं उठत होती. मोटारींच्या रंगाची परीक्षा करणं हे दिगंबरचं काम. रंगवलेले पत्रे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचे आणि रंग कुठं फुगतो, कुठं सुटतो ते पाहत बसायचं. हे काम त्याच्या स्वभावाला मानवलं. गाणं मात्र सुटलं. आबा गेल्याची तार आली, त्यानंतर तर त्याचं घरातलं गुणगुणणंही थांबलं. बायको पद्मिनी कधी म्हणायची की एखादं गाणं म्हणा, तर हा म्हणायचा, पुढं गाणारा कोण आहे? मी एकटा काय धरू?

चौऱ्यांशी सालच्या शरदात, तिकडची झाडं लाल-पिवळी होतात त्या दिवसांत, दिगंबरची गाडी बिघडली आणि तो फ्रँकच्या गाडीतून कामावर जाऊ लागला. फ्रँक त्याच्याच प्रयोगशाळेतला, पोलिश वळणाच्या आडनावाचा, जाडजूड आणि हसरा माणूस. दर गुरुवारी तो डेट्रॉइटमधल्या एका जुन्या चर्चच्या तळघरात गायला जायचा. पहिल्याच गुरुवारी दिगंबरला सोबत जावंच लागलं. म्हणाला, कोपऱ्यात बसून राहीन.

तळघराचं छत बुटकं होतं. जमिनीवर जाड गालिचा, भिंतीला गरम पाण्याचे फुसफुसणारे नळ. दहा-बाराजण अर्धगोल करून उभे होते आणि त्यांच्यापुढं पांढऱ्या केसांची, काठीसारखी ताठ एक बाई. तिचं नाव एडिथ. जन्मभर कॉलेजात संगीत शिकवून आता निवृत्त झालेली. तिनं हात उचलला आणि गाणं सुरू झालं.

दिगंबर सांगायचा की पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याला झोप लागलीय. वर तीन आवाज होते. ते तीनच्या ठेक्यावर झुलत होते, एकमेकांना शिवून पळत होते, चांदण्यात पाण्यावरच्या माशा खेळतात तसे. आणि त्यांच्या खाली दोनच माणसं एका अक्षरावर उभी होती. नुसती उभी. अक्षर संपत नव्हतं, सूर हलत नव्हता. एकाचा दम सरला की दुसरा धरायचा. तळघर विरघळून गेलं. दिगंबरला पेट्रोमॅक्सच्या बत्तीची घरघर ऐकू आली, तुणतुण्याची तार दिसली, आबांचा कानावरचा हात दिसला. आपलं तोंड कधी उघडलं हे त्याला कळलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तो तिसरा होऊन तो सूर धरून बसला होता.

एडिथबाईंनी गाणं थांबवलं. सगळे थांबले, आणि दिगंबरचा सूर एकटाच गालिच्यावरून चालत राहिला. मग तो ओशाळून गप्प झाला. बाई म्हणाल्या, खुर्ची सोडा आणि रांगेत या.

परतताना फ्रँकनं त्याला त्या गाण्याची गोष्ट सांगितली. आठशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये अशी गाणी बांधली गेली. खालची ओळ त्याहून जुन्या प्रार्थनेची; तिचं एकेक अक्षर इतकं ताणलेलं की शब्द ओळखूच येऊ नये. तिच्या जिवावर वरचे आवाज नाचतात. खालच्या आवाजाला लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ धरणारा. बाहेर अंधारी मक्याची रानं मागं पळत होती, आणि दिगंबरला वाटलं, पॅरिसमध्येही कुणी आबा होऊन गेला असेल.

घरी पद्मिनीनं विचारलं, "म्हणजे त्यांच्या देवाचं गाणं म्हणणार तुम्ही? दीक्षा घेऊन सगळे देव सोडले ते यासाठी?" दिगंबर म्हणाला, मी देवाला काही म्हणत नाही, मी सूर धरतो. पद्मिनी पोळी उलटत म्हणाली, "धरा. निदान घरात आवाज तरी येईल." त्यांचा तिथलाच मित्र गुरुदत्त, मूळ पुण्याचा इंजिनिअर, फोनवर हसला. "साळवे, बाप्तिस्मा कधी घेतोस यार? डेट सांग, मी ऑफिस कॅन्सल करून येतो."

सराव संपल्यावर ती मंडळी गरम सफरचंदाचा रस पीत बसायची आणि जुनी चर्चबाहेरची गाणी म्हणायची, प्रेमाची, वसंताची, पाद्र्यांची टर उडवणारी. एडिथबाई सांगायच्या की सकाळी चर्चमध्ये गाणारी पोरंच संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात ही गाणी म्हणत. पुढं पुढं तर खाली प्रार्थनेचा सूर धरून त्याच्यावर गवळणीच्या प्रेमाचं गाणं बांधू लागले. दिगंबरला हे ऐकून बरं वाटलं. जलशातही आधी बाबासाहेबांना वंदन, आणि मग सावकार-भटजींची अशी टर उडवणारा फार्स की माणसं हसून हसून आडवी पडावीत.

सगळं जमलं, पण एक जमेना. त्या गाण्यात मधूनमधून सगळ्यांनी एकदम थांबायचं असे. खालचे, वरचे, सगळे. बाईंची मूठ मिटली की पूर्ण शांतता, मग पुढचं अक्षर. सगळे थांबत. दिगंबर थांबत नसे. मूठ मिटलेली त्याला दिसायची, तरी सूर सुटायचा नाही. दर गुरुवारी तेच. फ्रँकनं कोपर मारून पाहिलं, बाईंनी डोळे मोठे करून पाहिले. दिगंबर गाडीत, कामावर, मिठाच्या फवाऱ्यापुढं थांबण्याचा सराव करायचा. तिथं तो थांबायचा. रांगेत उभा राहिला की पुन्हा तेच.

बाईंनी कारण विचारलं तेव्हा तो सवय म्हणाला. खरं कारण त्यानं मला सांगितलं. जलसा परगावी जायचा तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मागं काही माणसं नुसती उभी असायची. ती गाणं ऐकायला आलेली नसायची. शाहिराचा आवाज चालू असेपर्यंत ती गप्प राहायची. शाहीर दम घ्यायला थांबला आणि पोकळी पडली की त्या पोकळीतून शिवी यायची. जातीवरून यायची, आईवरून यायची, एकदा दगडही आला होता. म्हणून आबांनी पोराला एकच गोष्ट शिकवली होती: फट पडू द्यायची नाही. शाहीर दम घेतो तेवढा वेळ गावाच्या तोंडावर आपला हात असतो. दिगंबर ती झील धरत होता. डेट्रॉइटच्या तळघरातही त्याच्यासाठी ती माणसं मागं उभीच होती.

डिसेंबरात, नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी, वर मोठ्या चर्चमध्ये कार्यक्रम होता. आदल्या गुरुवारी शेवटचा सराव वर व्हायचा होता, पण बर्फ फार पडलं आणि सराव रद्द झाला. एडिथबाईंनी दिगंबरला फोन केला. त्यांचा आवाज मऊ होता, बोलणं मऊ नव्हतं.

"मिस्टर साळवे, ही रांग मला तुमच्यामुळं उभी राहिल्यासारखी वाटते. पण या गाण्यात थांबणंही गाणंच आहे. पहिल्या थांब्याला तुम्ही सूर धरून ठेवलात, तर एक पाऊल मागं व्हा. पुढचं अक्षर हातऑर्गन धरेल."

भात्याची छोटी पेटी होती ती, एक मुलगी मांडीवर घेऊन वाजवायची. दिगंबरनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पद्मिनी येणार होती, गुरुदत्त बायकोला घेऊन येणार होता. त्या सगळ्यांदेखत एक पाऊल मागं. तो म्हणायचा की आयुष्यात पुढं जाण्यासाठी केवढी पावलं टाकली, पण ते एक पाऊल सगळ्यांत लांब वाटलं.

रविवारी तो पहिल्यांदा वरच्या चर्चमध्ये गायला उभा राहिला. तिथं गालिचा नव्हता. खाली दगड, भिंती दगडी, खांब दगडी, आणि छत इतकं वर की तिथं संध्याकाळ आधीच झालेली. रंगीत काचांतून निळा-तांबडा उजेड बाकांवर सांडला होता. त्या उजेडात पद्मिनी शालीवर कोट घालून, मांडीवर हात घट्ट धरून बसली होती.

बाईंचा हात उठला. दिगंबरनं सूर घेतला. वरचे तीन आवाज झुलू लागले आणि तो पुन्हा त्या झोपेसारख्या जागी गेला, जिथं बत्तीची घरघर होती, आबा शेजारी होते. अक्षर लांबत गेलं. मग बाईंची मूठ मिटली.

सगळे थांबले. दिगंबरच्या छातीत दम भरलेला होता, घसा उघडा होता, आणि त्यानं पाठीमागच्या माणसांची वाट पाहिली. मग त्यानं तोंड मिटलं. फट पडली.

आणि त्या फटीतून काहीच आलं नाही. उलट तो सूर वरच राहिला. त्यानं सोडलेला सूर दगडांनी उचलला होता, खांबाखांबांतून फिरवत छताजवळ नेला होता, आणि तिथं तो आपला आपण हलत होता, कुणी न गाता. तळघराचा गालिचा सूर गिळून टाकायचा. इथं सोडलेलं काही पडत नव्हतं. ज्यांनी ही गाणी बांधली त्यांच्यापुढं असले दगड होते, म्हणून त्यांना थांबायची भीती नव्हती. दिगंबर मान वर करून ऐकत राहिला. इतका ऐकत राहिला की पुढच्या अक्षराला बाईंचा हात पुन्हा उठला तरी याचं तोंड मिटलेलंच. फ्रँकचं कोपर बरगडीत बसलं तेव्हा तो भानावर आला आणि अर्ध्या मात्रेनं उशिरा आत शिरला. एडिथबाईंनी कपाळाला आठी घातली, पण हातऑर्गनकडं पाहिलं नाही. त्यानंतर जितके थांबे आले तितक्या वेळा तो थांबला, आणि प्रत्येक वेळी वर पाहिलं.

संपल्यावर गुरुदत्तनं त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, साळवे, एक शब्द कळला नाही, पण माझी बायको रडली. दिगंबर हसला.

दिगंबर आणि पद्मिनी गाडीतून घरी निघाले. बर्फातून रस्ता संथ चालला होता, बाजूची रानं दुधासारखी पसरली होती. मग पद्मिनी म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा थांबलात ना, तेव्हा माझा जीव गोळा झाला."

"कशानं?"

"वाटलं, आता मागून कुणीतरी काहीतरी बोलणार."

तीही त्याच वस्तीतली. जलसा ऐकायला बायकांच्या बाजूला बसायची.

"कुणी बोललं नाही," दिगंबर म्हणाला.

"नाही बोललं," ती म्हणाली, आणि शाल सैल करून मागं टेकून बसली.