जोडीदारणीला विचारलं तेव्हा

माझी ताई समाजशास्त्राच्या संस्थेत पाहण्या करते आणि तिचा आकड्यांवर भारी जीव. भावोजीही तिथेच, पण ते लोकांत जाऊन बसतात, बघतात, ऐकतात. त्यामुळे त्यांच्या घरी जेवताना भांडण होतं ते मिठावरून नाही, पुराव्यावरून. मी मध्ये पडणं केव्हाच सोडलंय.

त्या वेळी मात्र गंमत उरली नव्हती. इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या कारखान्याला प्रत्येक वाफेच्या इस्त्रीयंत्रावर दोघींऐवजी एकच बाई ठेवायची होती; त्याआधीची पाहणी ताईकडे आली. ताईने प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारलं, वाफेचा त्रास होतो का? सगळ्या नाही म्हणाल्या. अहवाल झाला, ताईची सही झाली. दुसऱ्या दिवशी मालकांपुढे बैठक.

आदल्या संध्याकाळी भावोजी कारखान्यातून आले ते चपला न काढताच बोलू लागले. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बाईचं काम चादरींच्या घड्या घालायचं, पण तिचा एक हात पहिलीला सावरायला सारखा तिच्या कमरेपाशी असतो. "उद्या एकटी बाई त्या यंत्रावर कोसळली तर?"

"तुम्हाला दिसलं म्हणजे सिद्ध झालं का?" ताई फणकारली. पण ताटातलं तिने काही खाल्लं नाही. मला तिचा रागही आला आणि काळजीही वाटली.

सकाळी बैठकीआधी ती मला ओढतच कारखान्याच्या फाटकाशी घेऊन गेली. कुणाचंही नाव विचारलं नाही. प्रश्न तेवढा बदलला: जोडीदारणीला कधी चक्कर येते का? पहिली बाई इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मला नाही हो, हिला येते." ती 'ही' पुढे आली आणि तिने पहिलीकडेच बोट दाखवलं. मागून येणाऱ्यांचंही तेच. स्वतःचं सांगितलं तर नोकरी जाईल ही धास्ती होतीच, पण आपण सोबत नसताना ही पडली तर, ही धास्ती त्याहून मोठी.

बैठकीत मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, थोडक्यात सांगा, त्रास किती जणींना आहे?

"त्यांचं त्यांना विचारलं तर एकीलाही नाही," ताई म्हणाली. "जोडीदारणीला विचारलं तर सगळ्यांना."

मालकांनी तिच्या सहीवर बोट ठेवलं. मग हे काय?

"ती माझी चूक. मी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारलं."

मालकांनी अहवाल मिटून तिच्याकडे परत सरकवला. प्रत्येक यंत्रावर दोघीच राहिल्या.