सरकलेला रुपया

"थांब. उलटं करून बघ आधी."

आष्टीत माझं किराणा दुकान आणि शेजारी काकांची पिठाची गिरणी. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. खरबूज घ्या, चप्पल घ्या, पुतणीला आलेलं स्थळ घ्या, काकांचा सल्ला एकच. स्थळ उलटं कसं करायचं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

गिरणी बंद झाली की पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट ते माझ्या दुकानात यायचे आणि गल्ल्यातली चिल्लर ओतून बसायचे. एकेक नाणं डोळ्याजवळ नेऊन निरखायचे. गिऱ्हाईक ताटकळायचं, मी चिडायचो.

"काका, धंद्याची वेळ आहे हो!"

"जल्दी काय हाय? बघून राह्यलो ना."

तुमच्याही ओळखीत असा एखादा छांदिष्ट असेल. पण त्याचा छंद तुम्हाला कळत तरी असेल. मला काकांचा शेवटपर्यंत कळला नाही. जुनंपानं, मळकं नाणं मी कौतुकानं पुढे करावं, तर ते ढुंकूनही बघायचे नाहीत. आणि एके दिवशी थबकले ते साध्या एका रुपयावर. त्याची छाप बाजूला सरकली होती, सिंह निम्मे कडेच्या बाहेर.

"घावलं रे!" ते जवळजवळ ओरडलेच.

"अहो, हे बिघडलेलं आहे."

"बिघडलेलं हाय म्हणूनच किंमत. टाकसाळ चुकली ना!"

आता बोला! वजनात मी चुकलो तर लोक माझा उद्धार करतात.

जालन्याचा नाणी जमवणारा एक शौकीन ते चांगल्या पैशात घ्यायला तयार झाला. "तुझ्या काकूला बोलू नको," काकांनी बजावलं. "जनमभर मला भंगारवाला म्हणली ती. एकदम पैसेच ठेवतो तिच्या हातावर." माझ्या गल्ल्यात दुसरा रुपया टाकून त्यांनी ते नाणं सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग येता-जाता खिसा चाचपायचे.

पण आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, माजलगावला. काका-काकू दोघं एसटीनं गेले. काका परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून.

"मग, जालन्याला कधी?" मी विचारलं.

"गोदागंगेच्या पुलावर माझा डोळा लागल्ता. जाग आली तं ही खिडकीतून हात जोडून राह्यली. माझ्या खिशातला रुपया काढून पाण्यात टाकला तिनं. म्हणली, ह्यांचे डोळे बरे होऊ दे."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू?" काका हसले की रडले, पट्टीमुळे मला समजलं नाही. "उलटं करून बघितलं न्हाई तिनं, एवढंच."

डोळा बरा झाला. काका पुन्हा गल्ला ओतून बसू लागले, पण तसं नाणं परत मिळालं नाही. हळूहळू चिल्लरही आटली, लोक मोबाईल पुढे करू लागले. गेल्या उन्हाळ्यात काका गेले.

परवा काकू साखर न्यायला आल्या. पैसे देता देता थांबल्या.

"भाऊ, एक विचारू? ह्ये एवढी वर्षं तुमच्या चिल्लरीत काय हुडकत व्हते वो? कधी घावलं का त्यान्ला?"

नाही म्हणावं, तर काका वेडे ठरतात. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न आलाच, मंग कुठं हाय?

काकूंनी दिलेला रुपया मी उगाच उलटासुलटा करत राहिलो. काकू उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.