लोखंड न लावण्याचा नवस

माझा स्वभाव हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी तसं म्हणत, सासरीही म्हणतात. एक काळ असा होता की त्या हट्टालाच मी भक्ती समजत होते. गळ्यात इष्टलिंग आहे, रोजची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाही, म्हणजे आपलं आणि महादेवाचं सगळं ठीक चाललंय, अशी माझी समजूत होती. ती कशी मोडली, ते लिहिते आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मुरुडच्या बाजारात जो तो तीच गोष्ट काढायचा. आता उस्मानाबादला हेलपाटे घालायला नकोत, आता सगळं जवळ आलं. आमचा मात्र पाऊस लांब गेला होता. विहिरीच्या तळाचा खडक दिसायला लागला, कडबा सरत आला आणि आमचे हे दोन्ही बैल घेऊन चार कोसांवरच्या गुरांच्या छावणीत राहायला गेले. शेतातल्या घरी मागे राहिलो मी, माझे सासरे आणि गौरा गाय. गौराही छावणीतच जायची होती. पण ओढ्यात लोकांनी पाण्यासाठी खणलेल्या झिऱ्यांपाशी ती उतरली, तिथल्या बाभळीच्या फांदीवर तिचा पाय पडला, आणि मागच्या उजव्या खुरात काटा घुसला. चार कोस सोडाच, तिला चार पावलं टाकता येईनात. घरी तर जेमतेम पंधरवड्याची वैरण उरली होती.

गौरा देवणी जातीची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. ती जन्मली तेव्हा तिची आई गेली. वासरू दूध घेईना, मान टाकून पडलं. मी इष्टलिंग तळहातावर घेऊन बोलून गेले, ‘ही जगू दे, ही तुझी. हिच्या अंगाला मी कधी लोखंड लागू देणार नाही.’ ती जगली. त्या दिवसापासून तिला साखळी नाही, डाग नाही, सुई नाही. गावात कुणी विचारलं, की मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, ही गाय आमची नव्हे, महादेवाची आहे.

आता त्या खुराला मी तेल-हळद लावली. वर दाबून विभूती भरली आणि जुन्या लुगड्याची घट्ट पट्टी बांधली. देवाच्या गाईला देवाचंच औषध, असं माझं गणित. दोन दिवसांनी पाय सुजून खांबासारखा झाला. पाचव्या दिवशी ती बसली ती उठेना. मुरुडचे जनावरांचे डॉक्टर छावण्या पाहत फिरत होते, आणि भेटले असते तरी मी त्यांना सुई टोचू दिली नसती. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा रोज गाईजवळ जाऊन बसत आणि उठून येत. एकदा एवढंच म्हणाले, “पोरी, कुनीतरी चीर देऊन बघाया पायजे.” मी म्हटलं, “मामा, नवस हाय.” त्यावर ते म्हणाले, “गाय तुझी, नवस तुझा. दुखायलंय मातर तिला.” मला त्यांचा राग आला. खरं तर ते बरोबर बोलले होते, म्हणून आला.

सहाव्या दिवशी गौराने कडब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पूजेला बसले, पण मनातून देवाशी भांडण चालू होतं. मी शब्द पाळते आहे, मग तू काय करतो आहेस, असं मी त्याला विचारत होते. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हाची माझी भक्ती एवढीच होती.

दुपारी एक माणूस सायकल हातात धरून चालत आला. पिकली दाढी, कॅरेजला गोणपाटाची पिशवी. मुरुडचा नालबंद होता तो. गावोगाव बैलांच्या खुरांना नाल ठोकायचं त्याचं काम. बैल सगळे छावणीत, म्हणून तोही तिकडेच निघालेला, आणि आमच्या बांधाशी त्याच्या सायकलची चेन पडली होती. त्याने पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता त्याची नजर गोठ्यात गेली. तांब्या खाली ठेवून तो गौराजवळ जाऊन बसला, पट्टी सोडली, खूर दोन बोटांनी दाबून पाहिला.

“माय, आत पू साचलाय. तुमी वरून तोंड बंद करून टाकलंय. आज वाट करून दिली तर उठंल. उद्याचं काय सांगता येत न्हाई.”

त्याने पिशवीतून खूर तासायची सुरी काढली. मी मधे उभी राहिले आणि नवस सांगितला. वाटलं, हा हसेल, नाहीतर वाद घालेल. त्याने सुरी गुमान पिशवीत ठेवली. “नवस म्हणल्यावर मी हात लावणार न्हाई,” म्हणाला, आणि सायकलकडे गेला. चेनीला हात घालता घालता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “येक इचारू का, माय? लोखंड लावू नका, हे देवानं मागितलं हुतं का?”

“नाही. मीच बोलले होते.”

“बरं,” एवढंच तो म्हणाला.

मी घरात गेले. इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि पूजा वगैरे काही सुचेना. गाय मी देवाला दिली होती, हे खरं. पण देऊन झाल्यावर तिच्याशी कसं वागायचं, हेही मीच त्याला बजावून ठेवलं होतं. तिचं दुखणं सोसत होती ती, आणि शब्द राखल्याचा मोठेपणा मिळत होता मला. किती वेळ बसले कोण जाणे. मनात भीती होती, तो माणूस निघून गेला असेल. मी धावत बाहेर आले. तो तिथेच होता, हात काळेकुट्ट, आणि चेन काही चढत नव्हती. मी म्हटलं, “काढा, चाचा. जे काढायचं ते काढा.”

मामांनी गाईचे मागचे पाय दोराने आवळले. मी तिची मान मांडीवर घेऊन वाकले. सुरी लागली तेव्हा ती अशी हंबरली की माझे दात एकमेकांवर आपटले. मी कसलीही प्रार्थना केली नाही. ‘तुझी आहे, तूच बघ,’ एवढंच म्हणत राहिले. वाटीभर पू गेला आणि त्याबरोबर बोटाच्या पेराएवढा काटा. धुवायला पाणी हवं होतं. पूजेसाठी जपलेली कळशी मामांनीच आणून कडुलिंबाचा पाला टाकून उकळायला ठेवली. मला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं असावं. मला बरं वाटलं.

“जखमेचं तोंड उघडं ठेवा,” नालबंद म्हणाला. “विभूती तिच्या कपाळाला लावा. पायात नका भरू.” दोन भाकरी आणि ठेचा घेऊन तो गेला. चेन नंतर एका दमात चढली, असं मामा सांगतात. मी पाहिलं नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, महादेवच आला होता. मी म्हणते, मुरुडचा नालबंद आला होता, तंबाखू खाणारा. महादेवाला त्याला आमच्या बांधाशी अडवता येतं, एवढं मला पुरे आहे.

तिसऱ्या दिवशी गौरा उभी राहिली. आठव्या दिवशी पहाटे मी तिला घेऊन निघाले. झाडाखाली बसत, तिच्या कलाने चालत, उन्हं कलताना छावणीत पोचलो. आमचे हे धावत आले. त्यांनी आधी तिचा पाय उचलून पाहिला, कापलेली जागा पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा नवस ठाऊक होता.

“लोखंड लावलंस?”

“हो.”

“कुणाला इचारून?”

“ज्याची गाय हाय त्याला.”

त्यांनी तिचा पाय अलगद खाली ठेवला. “मग काय म्हणाला त्यो?”

मला रडूच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आलं. गौराने वैरणीत तोंड घातलं होतं. यांनी तिच्यापुढे आणखी एक पेंढी सोडली. त्यानंतर मी देवाकडे पुष्कळदा हात पसरले, पण त्याला अट म्हणून कधी घातली नाही.