पुष्पीच्या दौऱ्यात मला साप चावला

चहा घ्या, पण आधी तोंडातला घोट गिळा. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका. माझी ही फजिती अर्धी सगळ्या गावाला ठाऊक आहे. उरलेली अर्धी फक्त दोघींना ठाऊक आहे, मला आणि पुष्पीला. ती आज तुम्हाला सांगते.

पुष्पी म्हणजे आता सगळ्यांच्या पुष्पाताई. चौथीपर्यंत माझ्या शेजारी एकाच पोत्यावर बसायची. पाढे माझे पाठ, तिचे नाहीत. दिसायलाही, खोटं कशाला बोलू, मीच बरी! पण चौथीत शाळेत टोचायला सिस्टर आली, आणि मी खिडकीतून उडी मारून करवंदीच्या जाळीत जाऊन बसले. पुष्पीनं मात्र पापणीसुद्धा न हलवता दंड पुढे केला. गुरुजी म्हणाले, "ही पोरगी नर्स होणार."

झालं! माझी शाळा चौथीला सुटली. ही शिकली, नर्स झाली, डोळखांबकडच्या पाड्यापाड्यांत वर्षानुवर्षं लोकांना टोचत फिरली, आणि एक दिवस निवडणुकीला उभी राहून जिल्हा परिषदेवर गेली. आता जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या, आमच्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या सगळ्या दवाखान्यांची देखरेख तिच्याकडे. पांढरी गाडी, कडक इस्त्रीची साडी, मागे वह्या घेतलेली चार माणसं.

मी जळायचे का? अहो, माझ्या चुलीला लाकूड लागत नव्हतं, इतकी जळायचे!

त्यात तिनं घरोघरी कॅलेंडरं वाटली. वर तिचा हात जोडलेला फोटो, खाली तारखा. आमच्या ह्यांनी ते बरोबर माझ्या चुलीसमोर टांगलं. भाकरी थापताना मान वर केली की पुष्पी हसते! मी तिचं तोंड भिंतीकडे फिरवायचे. संध्याकाळी बघावं तर पुन्हा सरळ.

"वाऱ्यानं फिरतं गो," हे म्हणायचे.

"वारा काय तुमचा पाहुणा लागतो? रोज येतो तो?"

भातकापणीच्या दिवसांत बातमी आली, पुष्पाताई आमचं आरोग्य केंद्र तपासायला येणार. बरोबर मोबाइलवर बातम्या करणारा पत्रकार. दारात रांगोळी, हार, बायकांच्या नव्या साड्या. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. दोन वर्षांमागं माझ्या दिराला साप चावला, तेव्हा याच केंद्रात सापाची लस नव्हती. त्याला शहापूरला पळवावं लागलं. वाचला, म्हणून बरं. म्हटलं, आज कॅमेऱ्यासमोर एखाद्याला साप चावला तर? लस नाय, औषध नाय, पुष्पीचं तोंड एवढंसं! सगळा तालुका बघेल.

पण साप चावायला माणूस कुठून आणणार? मीच चावून घेतला.

आपण बायका बांगडीला सेफ्टी पिना अडकवून ठेवतो ना? त्यातली एक सोडवली. केंद्राच्या अलीकडे शेताच्या बांधावर बसले, डोळे मिटले आणि घोट्यावर टोचली. एकदा. मग बोटभर अंतर सोडून परत एकदा. विचार करा! ज्या सुईला मी जन्मभर घाबरले, तीच त्या दिवशी मी स्वतःला दोनदा टोचली. पुष्पीची गाडी वळणावर दिसली आणि मी बोंब ठोकली, "चावला गो! मेले गो!"

शेजारची मंगल कापणी टाकून धावली. तिच्यामागं काशीआजी. आणि इथंच माझं गणित चुकलं.

आमच्याकडे जुनी माणसं साप चावलेल्याला आधी मिरची खायला देतात. तिखट लागली तर विष नाय. नाय लागली तर विष चढलं. काशीआजीनं कनवटीतून हिरवी लवंगी मिरची काढली आणि माझ्या दाढेखाली कोंबली.

"तिखट लागतं का गो?"

आता काय बोलायचं? तिखट म्हटलं तर साप संपला, दौरा संपला, पुष्पी जिंकली! मी म्हटलं, "नाय लागत."

"नाय लागत?" आजीनं दुसरी दिली. "आता?"

माझ्या कानातून धूर निघत होता. "गो... गोडच लागते."

"आई गो! चढलं विष!" आजीनं छाती पिटली आणि खात्रीसाठी तिसरी दिली. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. मंगल म्हणाली, "बिचारी, मरणाला घाबरून रडते."

तेवढ्यात आमचे हे धापा टाकत आले आणि माझ्या पायाशी बसून हुंदके द्यायला लागले. "इंदू, मला माफ कर! ते कॅलेंडर मीच सरळ करायचो."

मी कण्हत पडून राहिले.

"आनि मत पन मी तिलाच दिलं गो!"

देवाशप्पथ सांगते, तेव्हाच उठून एक ठेवून दिली असती. पण विष चढलेली बाई नवऱ्याला मारते असं कुठं पाहिलंय? दात आवळून पडून राहिले. चार जणांनी मला चादरीच्या झोळीत घातलं, बांबूला टांगलं आणि पळत सुटले.

झोळी थेट रांगोळी तुडवत स्वागतात घुसली. पुष्पीच्या गळ्यात नुकताच हार पडला होता. तिनं तो काढून पत्रकाराच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि ओरडली, "बाजूला व्हा सगळे! डॉक्टर, लस काढा."

मी एक डोळा किलकिला करून बघितलं. डॉक्टरनं फ्रिज उघडला. आत लसीच्या बाटल्या रांगेनं उभ्या! निवडून आल्यावर तिनं सगळ्यांत आधी हेच काम केलं होतं म्हणे. हे मला मेलीला कुणी सांगायला नको? आणि फ्रिज तरी किती मोठा! आमच्या घरात अजून एक नाय.

"कोणता साप होता?" पुष्पीनं विचारलं.

"काळा. पांढरे पट्टे."

"मण्यार? भरदुपारी? ती तर रातची फिरते."

"मग घोणस असेल!"

"घोणस चावली तर पाय सुजतो. तुझे तर ओठ सुजलेत."

"आमी मिरच्या दिल्या ना," काशीआजी मधे बोलली. "तीन खाल्ल्या, गोड लागल्या."

"आजी, मिरच्या देऊन वेळ घालवायचा नाय. साप चावला की सरळ दवाखान्यात आनायचं," असं म्हणत पुष्पीनं माझा घोटा पाहिला. मग नाडी बघायला हात धरला. घाईत मी बांगडीला परत अडकवलेली ती पिन उघडीच लटकत होती. तांबेरलेली, आणि टोकाला रक्ताचा ठिपका.

पुष्पी माझ्या कानाशी वाकली. तिच्या अंगाला अजून साबणाचा तोच दवाखान्याचा वास येतो.

"इंदे," ती हळूच म्हणाली, "गंजलेला साप चावला काय गो तुला?"

मला वाटलं, झोळीसकट जमिनीत जावं. आता ही ताठ उभी राहणार, कॅमेऱ्याकडे वळणार आणि सगळ्यांना सांगणार. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं! दोनदा सांगितलं असतं!

ती वळली आणि म्हणाली, "घाबरू नका. विष नाय. ही लस नको. पन जखम घाण आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावंच लागेल. आना, मीच देते."

मी ताडकन उठले. विष चढलेली बाई झोळीतून उडी मारून दाराकडे पळाली! काशीआजी ओरडली, "उतरलं गो, उतरलं!" पण दारात आमचे हे उभे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला घट्ट धरलं. मंगलनं दुसरा हात धरला. पुष्पीनं कापूस फिरवला, सुई टोचली, आणि माझ्या किंकाळीनं झाडावरचे कावळे उडाले.

"चौथीतलं राहिलेलं आज पुरं झालं बघ," ती हसून म्हणाली. मग माझ्या बांगडीतली पिन काढून गुपचूप सुयांच्या डब्यात टाकली. आजपर्यंत तिनं एकाही माणसाला सांगितलेलं नाय. एवढी चांगली वागते, त्याचाच तर जास्त राग येतो मला!

बरं, बातमी काय झाली? "सर्पदंशाच्या रुग्णासाठी पुष्पाताईंनी हार बाजूला ठेवला, हाती सुई घेतली." सगळ्या तालुक्यानं बघितली, जशी मला हवी होती तशीच!

पुढच्या वर्षी पुष्पीची नवी कॅलेंडरं आली. यंदा हात जोडलेला फोटो नाही. पुष्पी सुई टोचतेय आणि तिच्यासमोर मी, जबडा फाकलेला, जीभ बाहेर, मिरच्यांनी ओठ वांग्याएवढे. ह्यांनी ते चुलीसमोरच टांगलं.

मी लगेच उठले, तिचं तोंड भिंतीकडे फिरवायला. फिरवलंही. आणि मुकाट्यानं पुन्हा सरळ केलं.

काय करणार? तिच्याबरोबर माझंही तोंड भिंतीकडे होत होतं. आणि फोटो छापून यायची ही माझी पहिलीच वेळ होती ना!