गावकीपुढे पुरावा

काशिराम भांडणात तोंड वापरायचा नाही, हात वापरायचा. पनवेलच्या कोळीवाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून सांगते. मासळीबाजारात काटा मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याने तराजूसकट गटारात फेकलं, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. चूक आमचीही आहे.

२०१६ साली त्याची मुलगी किशोरी नववीत होती. दहावीतल्या प्रितेशने गळ घातली म्हणून तिने मोबाइलवरून त्याला स्वतःचा, पाठवू नये असा एक फोटो पाठवला. त्याने तो तिघा मित्रांना दाखवला. चौथ्या दिवशी गोष्ट काशिरामच्या कानावर गेली.

आधी त्याने किशोरीला पट्ट्याने फोडून काढलं. मी मधे पडले, तर माझ्याही दंडावर वळ उठला. मग वल्हं उचलून भरदुपारी त्याने प्रितेशला त्याच्याच दारात गाठलं. पहिल्या फटक्यात पोराचा हात मोडला, दुसरा डोक्यात बसला. ओट्यावर रक्ताचं थारोळं. पोराचा मोबाइल हिसकावूनच तो परतला.

आमच्याकडची रीत अशी की तंटा आधी गावकीपुढे न्यायचा, पुराव्यासकट. पूर्वी गावकी देवळापुढे बसायची, आता व्हॉट्सअॅपवर बसते. या अक्कलवंताने तोच फोटो गावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ह्यो पुरावा. न्याय करा.' ग्रुपवर त्र्याऐंशी माणसं! मला त्याचा असा संताप आला की काय सांगू.

किशोरीने दार लावून घेतलं. "काकी, आता कोन कोन बघतंय?" एवढंच ती विचारायची.

संध्याकाळी प्रितेशचे काके बांबू घेऊन आले. काशिरामचं कपाळ फुटलं, माझ्या दाराची फळी मोडली. शेवटी प्रकरण पोलिसांत गेलं.

किशोरीचा जबाब घ्यायला फौजदार नीता मॅडम घरी आल्या, साध्या कपड्यांत. मुलांच्या बाबतीत कायदाच तसा आहे. डोक्याला पट्टी बांधलेला काशिराम ओरडला, "त्या पोराला फाशी द्या!"

"तो सोळा वर्षांचा आहे. त्याचं बाल न्याय मंडळ बघेल," मॅडम म्हणाल्या. "पण अठराच्या आतल्या मुलीचा असा फोटो जो पुढे पाठवतो, तो गुन्हेगार. मग तो कोणीही असो."

"मी बाप हाय तिचा! गावकीला दावला, कुनी लफंग्याला नाय!"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी किशोरीला विचारलं, "बाळा, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

किशोरीचा ओठ अजून सुजलेला होता.

"प्रितेशनी तिघांना दावला," ती म्हणाली. "बाबानी त्र्याऐंशी जनांना. बाबाचं नाव पयलं लिवा."

काशिरामचा हात उठला. मॅडमचं लिहून होईपर्यंत मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.