अप्रकट उष्मा आणि माझं इंग्रजी

दहावीपर्यंत मी मराठीतूनच शिकले. त्या वर्षी आमच्या पाम गावातून अकरावी सायन्ससाठी पालघरला जाणारी मी एकटीच मुलगी होते. कॉलेजात सगळं इंग्रजीत. फिजिक्स कळायचं, पण ते सांगायला तोंड उघडलं की शब्द सापडत नसत.

सहामाहीच्या आधी एकदा मी वर्गात उभी राहिले आणि मराठीत विचारलं, की वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी होतं, मग पृथ्वीच्या पोटात शिरल्यावरही ते कमीच का होतं.

फिजिक्सचे सर म्हणाले, "आधी हा प्रश्न इंग्रजीत विचारायला शिका. नाही जमलं तर आर्ट्सला अजून जागा आहेत."

वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, मी सायन्सलाच राहणार आहे." आणि मग बसले.

वर्गात बोईसरची एक मुलगी होती. तिचे वडील कारखान्यात कामाला, घरी हिंदी, शाळा इंग्रजी. व्याख्या तिला तोंडपाठ, पण गणितं सुटत नसत. परीक्षेला गुरुत्वाकर्षण, द्रव आणि उष्णता हे तीन धडे होते. कॉलेज सुटलं की परतीच्या वाटेवर मी बोईसरला उतरून तिच्या भाड्याच्या खोलीवर जाऊ लागले. ती म्हणायची, "तू पहले मराठी में समझा, फिर मैं इंग्लिश में बोलती हूँ." द्रवाचा दाब पटेना, तेव्हा आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्याला वरखाली भोकं पाडून पाणी भरलं. खालची धार सगळ्यांत जोरात सुटली आणि शेजारणीची वाळत घातलेली चादर भिजली. शेजारीण बरंच बोलली. आम्ही चादर पुन्हा पिळून दिली आणि धडा पुढे वाचला.

घरी आत्याचं म्हणणं होतं, एवढा त्रास होतो तर सोडून दे. आईने भाजी चिरता चिरता विचारलं, "तिला जमत नाय, असं ती बोलली का?"

पेपर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिला. हातात आला तेव्हा अप्रकट उष्म्याच्या, म्हणजे लेटंट हीटच्या उत्तरावर लाल रेघ होती आणि शेजारी एकच शब्द, भाषा. मी तशीच स्टाफरूममध्ये गेले.

"सर, यात फिजिक्स काय चुकलंय ते दाखवा."

त्यांनी उत्तर वाचलं. मग पुन्हा वाचलं. "चुकलं नाही," ते म्हणाले, "पण बोर्डात असलं इंग्रजी चालणार नाही."

"बोर्डाचं मी बघेन. तुम्ही या उत्तराचे मार्क द्या."

बाकीचे सर चहा प्यायचे थांबले होते. सरांनी निम्मे मार्क दिले. मी पेपर टेबलावरून उचलला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आकडा खोडला आणि पूर्ण मार्क लिहिले.

मी पास झाले. बारावीनंतर बीएस्सीला फिजिक्सच घेतलं.